मांडी ६४ सेंटीमीटरच्या आत आहे ना?

मागच्या महिन्यात अकरावीच्या अ‍ॅडमिशनबद्दल लिहिताना एका ओळीत हवाई दलाचं नाव काय घेतलं, पत्रं आणि मेसेज येतच राहिले. बहुतेकांचं एकच, सर फायटर पायलट व्हायचंय, आत्तापासून काय करू. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. आधीच सांगून टाकतो, मी पायलट नाही, दादरजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पण या वाटेवर एकेकाळी मी बराच लांब गेलो होतो आणि अगदी शेवटच्या दारातून परत आलो, ते पुढे येईलच.

"सर, मी भांडुपला राहतो, यंदा दहावीला आहे. २०२४ च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हला एअर शो बघितला तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. मित्र म्हणतो आधी पायलटचं लायसन काढावं लागतं आणि त्याला पन्नास लाख लागतात. बाबा रिक्षा चालवतात. मग मी हे विसरूनच जाऊ का?"

अरे नाही रे बाबा. तुझा मित्र एअरलाइनच्या पायलटबद्दल बोलतोय, तिथे कमर्शियल लायसन लागतं आणि ते स्वतःच्या खिशातून काढावं लागतं, त्यात लाखो रुपये जातात हे खरं. हवाई दलात तसं नाही. तू आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नसलास तरी चालतं, उडवायला तेच शिकवतात, सरकारी खर्चाने. एनडीएच्या, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या, परीक्षेचा फॉर्म १०० रुपयांचा आहे. तुझा खर्च म्हणजे तेवढा फॉर्म, आधीच्या वर्षांचे पेपर आणि गणिताची दोन चांगली पुस्तकं.

आता रस्ता कसा आहे ते बघ. बारावीनंतर एनडीए, म्हणजे आपल्या पुण्याजवळचं खडकवासला. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, आणि बारावीत असतानाच देता येते. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस या मधलं लागतं, त्यामुळे नीट मोजलंस तर तीन चार चान्स मिळतात. तीनही दलांच्या मिळून ३७० जागा असतात, त्यात हवाई दलाच्या १२० आणि त्यातही फ्लाइंगच्या ९२. तीन वर्षं खडकवासल्याला, डिग्रीचा अभ्यासही तिथे होतो, मग हैदराबादजवळ दुंडिगलला एअर फोर्स अकॅडमी, तिथे पिलाटस पीसी-७ नावाच्या स्विस बनावटीच्या छोट्या विमानावर हात बसतो. त्यानंतर ठरतं की कोण फायटरला, कोण ट्रान्सपोर्टला आणि कोण हेलिकॉप्टरला. फायटरवाल्यांना पुढे हॉक या जेटवर शिकवतात, बिदरला वगैरे. मरीन ड्राइव्हला तू जी लाल-पांढरी नऊ विमानं बघितलीस ना, सूर्यकिरण टीमची, ती हॉकच. म्हणजे तुझं पुढचं शाळेचं दप्तर तू कठड्यावर बसून बघून आलायस.

पण हे सगळं नंतर. दहावी झाली की पहिला निर्णय येतो तो अकरावीच्या फॉर्मवरच्या चौकटीचा, आणि दरवर्षी माझ्यासमोर पोरं तिथे घसरतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स तिन्ही पाहिजेत. बायोलॉजी सोबत घ्यायचं तर घे, पण मॅथ्स सोडून बायो घेतलंस तर त्याच दिवशी दार बंद. आणि दुसरं, मुंबईत अकरावी म्हणजे आराम करायचं वर्ष असतं असा एक समज आहे, नाव कॉलेजात, मुलगा क्लासला, आणि क्लासमध्ये डायरेक्ट बारावी. एनडीएचा गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, १२० प्रश्न, अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट, आणि त्यातला मोठा हिस्सा अकरावीचा असतो, ट्रिगोनॉमेट्री, सेट्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, सगळं तेच जे आपण उडवून टाकलेलं असतं. चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक तृतीयांश कापतात, त्यामुळे ठोकून द्यायची सवय इथे महागात पडते. दुसरा पेपर ६०० चा, इंग्रजी, सायन्स, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी सगळं मिळून. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही, हे मराठी मीडियमवाल्यांनी आजच मान्य करून टाका आणि रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचा, चाळीत शेजारचे हसले तरी.

अजून एक, संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलांना घेतात आणि अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी करून घेतात. रिक्षावाल्या बाबांच्या मुलासाठी याच्याइतका सरळ रस्ता मला दुसरा माहीत नाही. मुंबईतल्या किती शाळांत याचा बोर्ड लागतो देव जाणे, आमच्या वेळी तरी कोणी सांगितलं नव्हतं.

"माझी उंची, वजन, डोळे सगळं ठीक आहे असं मला वाटतं. मेडिकलची भीती बाळगायची गरज आहे का? मी बारावी सायन्स, लोअर परळ."

'असं मला वाटतं' हे तीन शब्द खोड. मोजून घे.

आता माझी गोष्ट सांगतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीत. नव्वदच्या दशकात मी डिग्रीनंतर फॉर्म भरला, लेखी निघाली, म्हैसूरला जाऊन पाच दिवसांचं सिलेक्शन बोर्ड निघालं, मशीनवरची पायलट टेस्टही निघाली. चाळीत पेढे वाटून झाले. मग दिल्लीला मेडिकल. एका माणसाने मला भिंतीला पाठ टेकवून लाकडी बाकावर बसवलं, गुडघे काटकोनात, आणि पाठीपासून गुडघ्यापर्यंत पट्टी लावली. ६५ आणि थोडं वर. परत लावली. तेवढंच. कमाल मर्यादा ६४ सेंटीमीटर. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. मी शरीराने एकदम ठणठणीत होतो, फक्त मांडीचं हाड सव्वा सेंटीमीटरने जास्त. कारण विचारलं तेव्हा समजलं, कॉकपिट अरुंद असतं, इमर्जन्सीत सीट रॉकेटसारखी वर फेकली जाते आणि त्यावेळी गुडघे समोरच्या पॅनेलला आपटले तर पाय जागेवर राहत नाहीत. कारण पटलं, राग काही गेला नाही. वडील म्हणाले, बरं झालं, माळ्यावरचं काढायला घरात कोणीतरी उंच पाहिजेच.

ही पट्टी मी चार वर्षं आधी घरी लावली असती तर? तेव्हाच्या तेव्हा नेव्ही, आर्मी, ग्राउंड ड्युटी असे दुसरे पर्याय फॉर्मवर लिहिले असते. मी हट्टाने फक्त फ्लाइंग लिहिलं होतं.

तर आज संध्याकाळी हे कर. भिंतीला पाठ आणि ढुंगण टेकवून बस, शिंप्याची टेप घे, गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोज, ६४ च्या आत हवं. पायांची लांबी, म्हणजे बसून पाय सरळ पसरून टाचेपर्यंत, ९९ ते १२० सेंटीमीटर. उंची साधारण १६२-१६३ च्या वर, म्हणजे पाच फूट चार इंच धरून चाल. मग डोळे. लांबचं दिसायला मायनस नंबरचा चष्मा असेल तर फ्लाइंगला मोठी अडचण आहे. रंगांची तपासणी वेगळी असते, ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांत लपलेला आकडा ओळखायचा, इशिहाराची पुस्तिका म्हणतात तिला. रंगांधळेपणा असलेल्या कित्येक मुलांना तो आहे हे अठराव्या वर्षापर्यंत माहीतच नसतं, कारण सिग्नल वर-खाली कुठला लागलाय यावरून ओळखायची सवय झालेली असते. पालिकेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात केसपेपर काढ आणि डोळ्यांच्या ओपीडीत हे दोन्ही तपासून घे, अर्धा दिवस लायनीत जाईल पण जाऊ दे.

कानाचीही टेस्ट होते, मशीनवर. लोकलमध्ये गाडीचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून इअरफोन फुल आवाजात लावून कर्जत-कसारा करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. नाकाचं हाड वाकडं, सायनस, हेही बघतात, कारण हवेचा दाब भराभर बदलतो. पाठीच्या कण्याचे एक्सरे काढतात, तेही त्या इजेक्शन सीटमुळेच. आणि हातावर कोणाचं नाव गोंदवायचा विचार असेल तर थांब, टॅटूचे नियम कडक आहेत.

"जिम लावली आहे, बॉडी बनवतोय. पायलटला ताकद किती लागते? (वय १७, सायन)"

डोले दाखवायला बनवत असशील तर काही उपयोग नाही. 'जी' म्हणजे काय, अंगावर आपल्या वजनाच्या किती पट भार येतो ते, समजून घे मग कळेल. टॉवरच्या फास्ट लिफ्टने वर जाताना पाय जरा जड वाटतात ना, ते एकापेक्षा किंचित जास्त जी. फायटर विमान जोरात वळलं की ते ९ पर्यंत जाऊ शकतं. तुझं वजन ६० किलो असेल तर सीटवर ५४० किलो. डोकं आणि हेल्मेट मिळून ६ किलो धर, मानेवर ५४, म्हणजे रेशनच्या दुकानात गव्हाचं अख्खं पोतं असतं ना, ते डोक्यावर, आणि त्या अवस्थेत मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं. त्यात रक्त पायाकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं, आधी रंग जातात, मग कडेने काळोख येतो आणि मग माणूस बेशुद्ध. विमान तर चालूच असतं. म्हणून जी-सूट घालतात, तो पाय आणि पोट आवळतो, आणि पायलट स्वतः मांड्या, पोटऱ्या, पोट घट्ट आवळून ठराविक पद्धतीने छोटे छोटे श्वास घेतो. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये एका मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून याची सवय करून देतात.

तेव्हा स्क्वॉट्स, पोटाचे व्यायाम, मानेचे हलके व्यायाम, आणि धावणं. एनडीएच्या जाहिरातीत पुश-अप आणि सिट-अप किमान २०, चिन-अप किमान ८ अशी अपेक्षा लिहिलेली असते. चिन-अपला सायनमध्ये बार शोधायला फिरू नकोस, पालिकेच्या गार्डनात असतातच. पोहायला शीक. पावडरचे डबे बंद कर.

"एका क्लासने 'सिलेक्शनची गॅरंटी' म्हणून दीड लाख मागितले आहेत. एसएसबीमध्ये, म्हणजे सिलेक्शन बोर्डात, नक्की काय विचारतात? आणि ती मशीनची टेस्ट एकदाच देता येते हे खरं का? (एक विद्यार्थी, बोरिवली)"

गॅरंटी कोणी देऊच शकत नाही, दीड लाख घरी ठेव.

मशीनच्या टेस्टचं मात्र खरं आहे. आता तिला सीपीएसएस म्हणतात, कॉम्प्युटरवर असते, आणि आयुष्यात एकदाच. नापास झालास की हवाई दलात पायलट म्हणून परत संधी नाही, मग तू एनडीएतून ये नाहीतर डिग्रीनंतर एफकॅट या हवाई दलाच्या परीक्षेतून. त्यात विमानाच्या डायलवरची रीडिंग वाचायची असतात, वेग, उंची, दिशा, विमान कुठल्या बाजूला कललंय. मग एका भागात हातात जॉयस्टिक, पायाखाली पेडल, स्क्रीनवरचा ठिपका मध्यभागी धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दिवे लागतात, आवाज येतात, त्यांना उत्तर द्यायचं. हात-पाय-डोळे-कान एकदम. गाडी शिकताना क्लच सोडता सोडता आरसा बघायला शिकतो तसंच ते. पाठ करून येत नाही. पण एक गोष्ट हातात आहे, डायल वाचणं. सहा मुख्य इन्स्ट्रुमेंट्स कशी दिसतात, कुठला काटा काय दाखवतो हे आधी नीट शिकून जा, आणि आदल्या रात्री झोप. नुसतं बघून येऊ म्हणून जाऊ नकोस, तिथे 'बघून येऊ' ला जागा नाही.

एसएसबी पाच दिवसांचं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात निम्म्याहून जास्त पोरं संध्याकाळची गाडी पकडतात. मग राहिलेल्यांच्या मानसशास्त्राच्या टेस्ट, एका शब्दाला १५ सेकंद असे ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य. ३० मिनिटांत ६० प्रसंग, तू काय करशील ते लिहायचं. क्लासवाले इथेच तयार वाक्यं देतात आणि समोर बसलेल्याला तीच वाक्यं रोज वाचून कंटाळा आलेला असतो. मग मैदानात फळी, बल्ली, दोर, पिंप घेऊन सगळ्या ग्रुपने मिळून अडथळा पार करायचा. तिथे जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो लीडर नसतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला जागा सरकवून देणारा असतो ना, शांतपणे, तसलं काहीतरी ते शोधत असतात असं मला आजही वाटतं.

आणि इंटरव्ह्यू. मी मिग-२१ चा वेग, मारा, इंजिन सगळं घोकून गेलो होतो. समोरच्या अधिकाऱ्याने मिगचं नावही काढलं नाही. विचारलं, तुम्ही लालबागचे, वडील गिरणीत, १९८२ चा संप का झाला, मागण्या काय होत्या, बंद पडलेल्या गिरणीतली माणसं पुढे काय करतात. मी त्या चाळीत जन्मलो आणि मला धड चार वाक्यं बोलता येईनात. डॉक्टर दत्ता सामंत एवढं नाव घेतलं आणि गप्प. मग तो म्हणाला, बरं, संपात तुमच्या घरी भाजी कोण आणायचं? ते मला येत होतं. आई संध्याकाळी उशिरा भायखळ्याला जायची, मंडई उठताना स्वस्त मिळायची म्हणून, आणि मी पिशवी धरायला. पुढची वीस मिनिटं त्यावरच गेली. मी बोर्डात पास झालो त्यात त्या भाजीचा वाटा जास्त असावा. तेव्हा बोरिवलीत राहतोस तर नॅशनल पार्कात बिबटे का आहेत, दहिसर नदीचं काय झालं, बाबांच्या ऑफिसात नक्की काय काम चालतं हे माहीत करून घे. हे कुठल्या क्लासमध्ये नाही.

"मी चेंबूरची, अकरावीत आहे. मुलींना फायटर मिळतं का, की नुसतं दाखवायला?"

मिळतं गं. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी फायटरच्या पहिल्या महिला पायलट म्हणून कमिशन झाल्या, आणि २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी मिग-२१ एकटीने उडवलं. एनडीए मुलींना सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडलं, पहिल्या बॅचच्या १७ जणी २०२५ च्या मे महिन्यात पास आउट झाल्या. जागा मात्र अजून मोजक्याच आहेत, फ्लाइंगच्या ९२ मध्ये मुलींच्या अगदी हाताच्या बोटांवर, ते लपवून उपयोग नाही. म्हणून डिग्रीनंतरचा एफकॅटचा रस्ता डोळ्यासमोर ठेव, तिथे फ्लाइंगला वय २० ते २४, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के आणि डिग्रीला ६०. कॉलेजात एनसीसीची एअर विंग मिळाली तर सोडू नकोस, 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षा न देता थेट सिलेक्शन बोर्डाला जाता येतं, त्यासाठी वेगळ्या जागा ठेवलेल्या असतात. नाशिकला मुलींसाठीही राज्याची सेवापूर्व संस्था सुरू झाली आहे.

"वय १९, बीएस्सी सेकंड इयर, चष्मा मायनस सव्वा. लेसर करून घेऊ का?"

आत्ता नको. वीस पूर्ण व्हायच्या आत केलेलं चालत नाही आणि ऑपरेशन होऊन १२ महिने उलटलेले लागतात, शिवाय डोळ्याची मापं नियमात बसायला हवीत. आधी एफकॅटची ताजी जाहिरात डाउनलोड कर, मेडिकलचं पान प्रिंट काढ, ते डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे ठेव आणि मग ठरव. उलट्या क्रमाने करून पैसे आणि चान्स दोन्ही घालवलेली मुलं माझ्या वर्गात होती.

"मुलगा एकुलता एक, दहावीत. त्याला अडवू की नको? विमानं पडतात हो. (एक आई, मुलुंड)"

ताई, धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. आहे. ज्या मिग-२१ च्या बातम्या ऐकून तुमच्या पोटात गोळा यायचा ते २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, पण धोका त्याच्याबरोबर निवृत्त झाला असं नाही. तुमचं 'अडवू का' मात्र जरा घाईचं आहे. लेखी, बोर्ड, मशीन, मेडिकल, खडकवासला, दुंडिगल, एवढ्या चाळण्या आहेत की तुम्ही न अडवताच दहापैकी नऊजण कुठेतरी अडतात. आणि यातली प्रत्येक पायरी चढताना त्याला स्वतःलाच कळत जाईल की त्याला उडायचंय की नुसता युनिफॉर्म आवडतोय. तोपर्यंत त्याचं गणित पक्कं होईल, पोरगा पहाटे उठेल, त्यात तुमचं नुकसान काय? एक गोष्ट मात्र वाचून सही करा, एनडीएत गेल्यावर मध्येच मनाने सोडून आला तर ट्रेनिंगचा खर्च भरावा लागू शकतो, तसा बाँड पालकांकडून घेतात.

"मी पाचवीत आहे. मला पायलट व्हायचंय. (वरळी कोळीवाडा)"

वा! साताऱ्याला सैनिक स्कूल आहे, १९६१ सालचं, हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक तिथेच शिकले. सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, सहावीसाठी वय १० ते १२ लागतं, म्हणजे तुझी हीच वेळ आहे. बाबांना सांग यावर्षीची तारीख बघायला. मोबाइल लांब धरून बघ. पोहता तर तुला येतच असणार, आणि मांडी मोजायला अजून सात वर्षं आहेत, ती आत्ता मोजू नकोस, वाढेल.